परमुलखातली मास्तरकी



शिरढोणच्या मांडवात परदेशाविषयी बोलावयास उभे राहताना संकोच वाटतो. समुद्रापलीकडे गेलेला या गावचा माणूस म्हटला की सर्वांच्या तोंडी एकच नाव येते, आणि तो माणूस बेड्या घालून नेला गेला. वासुदेव बळवंतांचा जन्म येथला, १८४५ सालचा. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा देह पडला. त्यांच्या गावात उभे राहून, ‘आम्ही विमानात बसलो, परदेशी गेलो, पगार घेतला आणि परत आलो’, असे सांगण्यात मिरविण्यासारखे काय आहे? एवढाच धीर की वासुदेव बळवंतांचाही शाळेशी संबंध होता. पुण्यास वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर शाळा काढणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. तेव्हा त्यांच्या अंगणात एका मास्तराने शाळेच्या चार गोष्टी सांगितल्या तर त्या अगदीच अस्थानी होणार नाहीत.

आणि या गोष्टी सांगण्यास एक निमित्तही झाले. आमच्या शेजारची एक मुलगी, आमच्या नातीच्या वयाची, मालदीवमधील एका बेटावरच्या शाळेत इंग्रजी शिकविण्यास निघाली आहे. मालदीवच्या शाळांतून हिंदुस्थानी शिक्षक पुष्कळ आहेत, हे आपणांपैकी काहींना ठाऊक असेल. ती निरोप घ्यावयास आली. सोबत काय न्यावे, तेथे करमावयास किती दिवस लागतात, हे तिने बसल्या बसल्या विचारले. पण खरा प्रश्न तिने उठून, पायांत चपला घालताना विचारला : ‘आजोबा, मी काही इंग्रज नाही. ती मुले माझे इंग्रजी मानतील का हो?’

त्या वेळी आम्ही ‘मानतील, मानतील’ असे म्हणून तिची बोळवण केली. रात्री झोप लागेना. हाच प्रश्न घेऊन आम्ही १९६६ साली इथिओपियास गेलो होतो, आणि त्याचे उत्तर मिळावयास आम्हांला पुरे एक वर्ष लागले होते. त्या मुलीला जे उंबरठ्यावर सांगता आले नाही, ते आज येथे सांगतो. ती समोर बसली आहे.

आम्ही गेलो ते का गेलो, हे आधी सांगितले पाहिजे. ज्ञानदानाची तळमळ वगैरे काही नव्हते. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात शाळामास्तराचा पगार किती असे, ते येथल्या वृद्धांना ठाऊक आहे. घरचे भाताचे शेत गहाण होते, बहिणीचे लग्न व्हावयाचे होते. त्यातच १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. पावणेपाच रुपयांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. देशाला ते जड गेले. पण ज्याचा पगार परदेशी चलनात होणार, त्याच्या घरी मनिऑर्डर दीडपटीने मोठी पोचणार होती. आम्ही बी. ए., बी. टी. होतो, तीन वर्षे शिकविले होते. इथिओपिया सरकारला शिक्षक पाहिजेत असे समजले आणि अर्ज केला.

त्या देशाला शिक्षक बाहेरून का आणावे लागत, हीही जाणून घेण्यासारखी गोष्ट आहे. १९३६ ते १९४१ या काळात इथिओपिया इटलीच्या ताब्यात होता. १९३७ साली तेथील इटालियन व्हाइसरॉयवर बाँब टाकण्यात आला, आणि त्याचा सूड म्हणून जी कत्तल झाली, तीत शिकलेले तरुण वेचून मारले गेले. देश पुन्हा स्वतंत्र झाला तेव्हा शाळा काढावयाच्या, तर शिकवावयास माणसे नाहीत, अशी अवस्था. बादशहा हैले सेलासी यांनी निरनिराळ्या देशांतून शिक्षक मागविले, त्यांत हिंदुस्थानातून पुष्कळ गेले. केरळी मंडळी अधिक, पण इतर प्रांतांतलेही होते. प्राथमिक शाळा अम्हारिक भाषेत आणि सातव्या इयत्तेपासून पुढे सर्व शिक्षण इंग्रजीत, अशी तेथे पद्धत होती. म्हणजे इंग्रजीचा शिक्षक कच्चा निघाला की पोरगा भूगोलातही बुडणार आणि गणितातही.

आपल्याकडील माणसे परदेशी शिकवावयास याच्याही आधी गेली होती. पंडिता रमाबाई १८८४ नंतर चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवीत. धर्मानंद कोसंबी १९२९ साली पाली शिकविण्यासाठी लेनिनग्राडला गेले. पण ही मोठी माणसे जे शिकवीत ते आपल्या घरचे होते. आमची गोष्ट निराळी. इंग्रजी ना आमची, ना त्या मुलांची. दुसऱ्याकडून उसना आणलेला शेर आम्ही तिसऱ्याच्या घरी उसना द्यावयास निघालो होतो. देताना हात कापणार नाही तर काय होईल?

प्रवासात एडनला विमान उतरले. तेव्हा एडन इंग्रजांचेच होते, आणि तेथे त्यांच्याविरुद्ध बाँब आणि बंदुका चालू होत्या. इंग्रज तेथून गेले ते पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९६७ मध्ये. आम्ही घरून ठरवून निघालो होतो की तास-दोन तास मिळाले तर तुरुंग कोठे होता ते पाहावयाचे, निदान तेथली चिमूटभर माती आणावयाची. आम्हांला विमानतळावरील खोलीबाहेर पाऊल टाकू दिले नाही. खिडकीतून काळाकुट्ट उघडाबोडका डोंगर दिसत होता, त्यावर गवताची काडी नव्हती. कर्नाळ्याच्या रानात वाढलेल्या माणसाला हा डोंगर तीन वर्षे रोज पाहावा लागला असेल, एवढाच विचार मनात आला, तोच पुढच्या विमानाची हाक आली.

आमची नेमणूक देब्रे बेरहान या गावी झाली. नावाचा अर्थ प्रकाशाचा डोंगर. आदिस अबाबाहून उत्तरेस देस्सेच्या रस्त्याने सुमारे १३० किलोमीटर. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई ५,४०० फुटांचे. हे गाव ९,००० फुटांवर वसलेले. सप्टेंबरचा महिना होता, पाऊस नुकताच उघडला होता आणि डोंगरभर आपल्या सोनकीसारखी पिवळी फुले फुलली होती. ती पाहून जीव सुखावला, तो सूर्य मावळेपर्यंत. नंतर जी थंडी पडली ती आम्ही जन्मात पाहिली नव्हती. घोंगडीखाली दोन सदरे, त्यावर कोट, तरी दात वाजत. चुलीला गोवऱ्या आणि निलगिरीच्या काटक्या. निलगिरीला ते ‘बाहर झाफ’ म्हणतात, म्हणजे समुद्रापलीकडले झाड. मेनेलिक बादशहाच्या काळात ते परदेशातून आणले गेले, आणि आता जिकडे तिकडे तेच. बरोबर आणलेली तुरीची डाळ त्या चुलीवर चार तास ठेवली तरी शिजेना. भूगोलाच्या पुस्तकात आम्ही मुलांना शिकविले होते की उंचावर पाणी कमी उष्णतेस उकळते. त्याचा अर्थ त्या दिवशी रिकाम्या पोटी समजला.

शाळेत रुजू होण्याचा दिवस आमच्या चांगल्या लक्षात आहे. शाळेच्या संचालकांनी निरोप पाठविला होता, सोमवारी दोन वाजता यावे. मुख्याध्यापकांना तेथे संचालक म्हणतात. आम्ही कोट घालून, टाय बांधून, बरोबर दोनला पाच मिनिटे कमी असताना हजर झालो. शाळा सुटावयाच्या बेतात होती. संचालक आमच्याकडे पाहत राहिले. मग घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाले, ‘तुम्ही सहा तास उशिरा आलात.’ त्यांच्याकडे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. आपले आठ म्हणजे त्यांचे दोन. आम्हांला फार खजील वाटले. पण मागाहून विचार केला तेव्हा वाटले, चूक त्यांची कोठे होती? आपले आजोबा-पणजोबाही घटका सूर्योदयापासूनच मोजीत. घड्याळ इंग्रजांचे आले आणि मध्यरात्री दिवस सुरू होतो असे आपण मानू लागलो. ती मंडळी घड्याळ वापरतात, पण दिवस आपलाच ठेवतात. आम्ही मग एक युक्ती शिकलो. काट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचावयाचा, म्हणजे झाले.

फळ्यावर तारीख लिहिताना दुसरा घोटाळा. आमच्या हिशेबी १९६६ साल, त्यांच्या हिशेबी १९५९. वर्षाचे महिने तेरा : बारा महिने तीस तीस दिवसांचे, आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. आमच्याबरोबर एक अमेरिकन तरुण शिक्षक होता. अमेरिकेच्या पीस कोअरचे हे शिक्षक १९६२ पासून तेथे येत असत. त्याला या कालगणनेचे हसू येई. आम्हांला येईना. ज्याच्या घरच्या पंचांगात शक वेगळा, संवत वेगळा, शिवाय भिंतीवर इसवी सनाचे कॅलेंडर, त्याने कोणाच्या सालाला हसावे?

हजेरीपटाचीही एक गंमत सांगतो. तेथे आडनाव नसते. स्वतःचे नाव आणि पुढे बापाचे नाव, संपले. आम्ही आपल्या सवयीने शेवटचे नाव ते आडनाव समजून पुकारले, ‘बेकेले!’ एक मुलगा उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, ‘सर, ते माझे वडील. ते शेतावर गेले आहेत.’ साठ मुलांचा वर्ग, पण कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. आणखी एक प्रकार पहिल्या आठवड्यात आम्हांला फार घाबरवून गेला. आम्ही काही समजावून सांगत असलो की मुले मधूनच श्वास आत ओढीत, आपण दचकल्यावर ओढतो तसा. वाटे, आपण काहीतरी भयंकर बोललो. वाक्य तेथेच तोडून आम्ही शब्द शोधू लागत असू. कळावयास आठ दिवस गेले : ते त्यांचे ‘हो’ म्हणणे होते. आपण हुंकार बाहेर सोडतो, ते आत घेतात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. नोव्हेंबरमध्ये दहावीच्या वर्गातील एका मुलाने हात वर केला आणि विचारले, ‘सर, आपण डेव्हलप हा शब्द असा उच्चारता. गेल्या वर्षीचे शिक्षक निराळा उच्चारीत. खरा कोणता?’ प्रश्न सरळ होता. आम्ही ‘डे’वर जोर देत होतो, आणि जोर पाहिजे ‘व्हे’वर. पण आम्ही चिडलो. ‘पुस्तकात पाहा,’ म्हणून त्याला खाली बसविले. मग काय व्हावयाचे? दुसऱ्या दिवशी आणखी चार शब्द निघाले. व्ही आणि डब्ल्यू हे दोन्ही आमच्या तोंडून एकच ‘व’ होऊन येत, तेही त्यांनी पकडले. आठवड्याच्या शेवटी वर्गाचे चार प्रतिनिधी संचालकांकडे गेले आणि म्हणाले, आम्हांला इंग्रजी शिकविणारा पाहिजे, इंग्रजी शिकलेला नको.

मंडळी, हे वाक्य आज इतक्या वर्षांनी उच्चारतानाही कोठेतरी बोचते. कारण ते खरे होते. आम्ही जन्मलो १९४१ साली. १९४८ मध्ये मुंबई सरकारने पाचवी ते सातवीचे इंग्रजी काढून टाकले, त्यामुळे इंग्रजीची पहिली अक्षरे आम्ही आठवीत, तेराव्या वर्षी, पनवेलच्या शाळेत गिरविली. शिकविणारे मास्तर कोकणी माणूस, हातात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. साहेब आम्ही पुस्तकातल्या चित्रात पाहिला. आणि तेथली ही मुले तर आमच्यापेक्षा लहान वयात इंग्रजीला लागली होती! त्या रात्री परतीच्या भाड्याचा हिशेब मांडला. करारातली मुदत, गहाण शेत, बहिणीचे लग्न, सारे मांडले. बेरीज काही केल्या जुळेना, म्हणून राहिलो. त्यात धैर्य वगैरे नव्हते.

सोमवारी वर्गात गेलो आणि पुस्तक उघडण्याऐवजी हीच हकीकत सांगितली : तुमच्या वयाचे असताना आम्हांला इंग्रजी वाक्य धड जुळविता येत नव्हते, कोणता शब्द कोठे अडला, कोणत्या चुकीला छडी बसली. साठ मुलांनी एकदम श्वास आत ओढला. या वेळी आम्ही घाबरलो नाही.

पण नुसत्या कबुलीने विद्या येत नाही. आम्ही ठरविले की त्यांची भाषा शिकावयाची. शाळेचा रात्रीचा रखवालदार म्हातारा होता; अंगावर जाड सुती शाल, हातात काठी, पूर्वी इटालियनांशी लढलेला. त्याला चर्चच्या शाळेत लिहावयास शिकविले होते. रोज संध्याकाळी त्याच्या शेकोटीजवळ बसून आम्ही धुळाक्षरे काढू लागलो. तिसऱ्या दिवशी आम्ही आनंदाने ओरडलोच. त्यांच्या लिपीला ‘फिदेल’ म्हणतात. तेहतीस मूळ अक्षरे, आणि प्रत्येकाची सात रूपे : ल, लु, लि, ला, ले, ल्, लो. अहो, ही आपली बाराखडी! क्रम थोडा इकडे तिकडे, पण अक्षराच्या अंगाला चिकटणारी काना-मात्रा तीच. म्हाताऱ्याला आम्ही आपली बाराखडी जमिनीवर काढून दाखविली. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, ‘मग तुम्ही लोक शहाणे आहात.’ आजवर आम्ही अडाणी आहोत, असे त्याला वाटत असावे.

लिपीच्या पुढे गेलो तेव्हा खरे घबाड हाती लागले. अम्हारिकमध्ये क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, आपल्यासारखे. ‘मी भाकरी खाल्ली’ हाच क्रम. आपण ‘मला भूक लागली’ म्हणतो, ‘मी भुकेला आहे’ असे सहसा म्हणत नाही. तेही भूक ‘मला’ लागली असेच म्हणतात. दुसऱ्याचे बोलणे सांगताना आपण ‘तो म्हणाला, मी आजारी आहे’ असे त्याचेच शब्द ठेवतो, त्यांचेही तसेच. आता त्यांच्या वह्या आठवा. ‘ही सेड आय ॲम सिक’ असे मुलाने लिहिले होते. आमचा अमेरिकन सोबती विचारी, आजारी कोण, हा की तो? त्याला ही चूक मुळापासूनच समजत नसे, कारण त्याच्या पायाला तो काटा कधी लागलाच नव्हता. आम्हांला मात्र लागला होता, त्याच जागी, आणि त्याचा वळ तळहातावर उठला होता. मूल कोठे घसरणार हे आम्हांला आधी दिसू लागले. आम्ही फळ्यावर एका बाजूस अम्हारिक वाक्य लिहावयाचे, मोडक्यातोडक्या अक्षरांत, दुसऱ्या बाजूस इंग्रजी, आणि कोणता शब्द कोठून उठून कोठे जाऊन बसला ते रेघांनी दाखवावयाचे. तर्खडकरांचीच ती रीत. फक्त मराठीच्या जागी अम्हारिक.

उच्चारांसाठी आम्ही त्या अमेरिकन सोबत्याला आठवड्यातून एक तास वर्गात बोलावू लागलो, आणि त्या तासाला स्वतः मागच्या बाकावर बसू लागलो. मुलांना याची फार मौज वाटे. त्याच्या मोबदल्यात त्याच्या वर्गाच्या निबंधांच्या वह्या आम्ही तपासत असू. व्यवहार सरळ होता. आमचे व्ही आणि डब्ल्यू आजही धड नाहीत, हे येथे कबूल केलेले बरे.

जानेवारीत वडील वारल्याची तार आली. तार आमच्या हाती पडेपर्यंत येथे चौथा दिवस उजाडला होता. जाणे शक्य नव्हते. आम्ही दार लावून बसलो. संध्याकाळी रखवालदार आला. त्यांच्या भाषेत आपल्या ‘आपण’सारखे आदराचे रूप आहे आणि ‘तू’सारखे जवळिकीचेही. एरवी तो आम्हांला आदराने बोलावी, कारण आम्ही मास्तर. त्या दिवशी तो दारात उभा राहून म्हणाला, ‘आयझोह.’ म्हणजे धीर धर बाबा. थोरल्याने धाकट्याला म्हणावे तसे.

मग एकेक माणूस येऊ लागले. संचालक आले, शिक्षक आले, आणि ती चार प्रतिनिधी मुलेही आली. कोणी काही बोलेना. भिंतीला टेकून नुसते बसून राहिले. रखवालदाराची बायको एक मोठे ताट घेऊन आली. सुतकाच्या घरी चूल पेटवावयाची नाही, शेजाऱ्यांनी अन्न आणावयाचे, असा त्यांचा रिवाज. ताटात इंजेरा होता. तेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ आंबवून केलेला तो मोठा थोरला पदार्थ, आपल्या आंबोळीच्याच जातीचा. आणि वर ‘शिरो’. आम्ही ताटाकडे पाहिले आणि आम्हांला रडू कोसळले, कारण शिरो म्हणजे पिठले. भाजलेल्या डाळीचे पीठ, कांदा, तिखट, पाणी. आमच्या घरी शिरढोणला त्याच दिवसांत शेजारच्या घरांतून पिठलेभातच आला असणार.

आम्ही मांसाहार करीत नाही, हे त्या बाईने ध्यानात ठेवले होते. त्यांच्याकडे बुधवारी आणि शुक्रवारी, शिवाय ईस्टरच्या आधीचे पंचावन्न दिवस, मांस आणि दूध वर्ज्य असते. त्या उपवासाच्या जेवणाचे नाव सांगितले की आमच्यासारख्याची सोय होई. पण एक अडचण होती. तेथे सर्वजण एकाच ताटात जेवतात. चार महिने आम्ही काही ना काही सबब सांगून ते टाळले होते. उष्ट्याखरकट्याचा संस्कार इतक्या सहजी जात नाही. त्या दिवशी म्हातारीने इंजेराचा घास केला, शिरोत बुडविला आणि आपल्या हाताने आमच्या तोंडाशी धरला. याला ‘गुर्शा’ म्हणतात. तो नाकारीत नाहीत. आम्ही घास घेतला. मग त्या सगळ्यांबरोबर त्याच ताटात जेवलो.

पुढच्या महिन्यात रखवालदाराने आम्हांला गावच्या ‘इदिर’चे सभासद केले. इदिर ही शेजाऱ्यांची मंडळी असते. दरमहा प्रत्येक घराने थोडी वर्गणी द्यावयाची. कोणाच्या घरी मृत्यू झाला की मांडव, भांडी, जेवण, खांदेकरी, सर्व या मंडळीने पाहावयाचे. वहीत आमचे नाव चढले, त्यांच्या पद्धतीने, आमचे आणि वडिलांचे. करमावयास किती दिवस लागतात, असे या मुलीने विचारले होते. आम्हांला पाच महिने लागले. ती वर्गणी भरून घरी आलो त्या रात्री झोप चांगली लागली.

१९६७ मध्ये आमची मंडळी तेथे आली, प्रेशर कुकर घेऊन, आणि आमच्या तुरीच्या डाळीचा प्रश्न मिटला. खरे म्हणजे परमुलखात संसार मांडण्याच्या कामी स्त्रिया आमच्यापेक्षा फार पुढे असतात. शेजारणी कॉफीला बोलावीत. तेथे कॉफी म्हणजे कच्चे बी समोर भाजून, कुटून, उकळून, तीन फेऱ्यांत प्यावयाची. तिसऱ्या फेरीला ‘बरका’ म्हणतात, आणि ती घेतल्याखेरीज उठणे बरे दिसत नाही. या तीन फेऱ्यांत दीड-दोन तास जात, आणि त्या दोन तासांत आमच्या मंडळींनी जी अम्हारिक उचलली, ती आम्हांला शेकोटीजवळ वर्षभरात आली नव्हती. सहा महिन्यांत बाजारात भाव करू लागल्या. आमच्या व्याकरणातल्या चुका चारचौघांत काढू लागल्या, ते एक असो.

आम्ही तेथे नऊ वर्षे राहिलो. शेत सुटले, बहिणीचे लग्न झाले. १९७३ च्या सुमारास आमच्या उत्तरेस वोल्लो प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. उपाशी माणसांचे तांडे देस्सेच्या त्याच रस्त्याने खाली येत. १२ सप्टेंबर १९७४ रोजी बादशहाला पदच्युत करण्यात आले. त्या वर्षअखेरीस लष्करी सरकारने वरचे वर्ग आणि विद्यापीठ बंद करून विद्यार्थ्यांना खेड्यापाड्यांत पाठविले, लोकांना लिहावाचावयास शिकविण्यासाठी आणि जमीनसुधारणा समजावून सांगण्यासाठी. आमचा वर्ग रिकामा झाला. जाताना एका मुलाने आमच्याकडून खडूंची पेटी मागून नेली. १९७५ साली करार संपला आणि आम्ही परतलो. त्यानंतर तेथे जे झाले, १९७७-७८ साली राजधानीच्या रस्त्यांवर तरुण पोरे ज्या रीतीने मारली गेली, ते आम्ही येथे वर्तमानपत्रांत वाचले. त्यांत आमची किती होती ते आम्हांला कळले नाही. पहिली काही वर्षे तीन-चार पत्ते होते, पत्रे टाकली. दोन परत आली. बाकीची परतही आली नाहीत.

आता या मुलीला सांगावयाचे राहिले ते एवढेच. मालदीवची लिपी ताना म्हणतात ती, उजवीकडून डावीकडे लिहितात. भाषा दिवेही, सिंहलीची बहीण, म्हणजे लांबून आपलीही नातलग, आणि तिचेही क्रियापद शेवटी येते. पहिल्या आठवड्यात अक्षरे शिकावयास बस. शाळेचा शिपाई, स्वयंपाकीण, कोणीही शिकवील. वर्गातल्या मुलांना विचारलेस तर त्यांना फारच आनंद होईल. मुले चूक काढतील तेव्हा चिडू नकोस, आम्ही चिडलो होतो. वह्या तपासताना प्रत्येक चुकीजवळ थांबून, ही चूक आपणही कधी केली होती का, ते आठव. पुष्कळदा केलेली सापडेल. आणि एखादा उच्चार येत नसेल तर येत नाही म्हणून सांग, आणि ज्याला येतो त्याला बोलाव.

सोबत काय न्यावे, हेही तिने विचारले होते. बेटावर थंडी नाही आणि डाळही शिजते, तेव्हा कुकर न नेला तरी चालेल. आमच्याजवळ तर्खडकरांच्या पाठमालेची जुनी प्रत आहे, पाठपुठ्ठा गेलेली. तिच्या समासांत आम्ही अम्हारिक वाक्ये लिहून ठेवली आहेत, ती तिला वाचता येणार नाहीत. पण अजून मोकळी जागा पुष्कळ आहे. ती प्रत आम्ही पिशवीत घालून आणली आहे. सभा संपल्यावर तिने ती घेऊन जावी.